बावीस चिंचोके
(शताब्दी सोहळ्यात देवळाच्या मांडवात केलेलं भाषण)



दिंडीला शंभर वर्षं झाली. पहिला वीणा कुणाचा, पहिली पताका कुणी खांद्यावर घेतली, हे सांगायला आमच्यापेक्षा वडील मंडळी इथं आहेत. आम्हांला सांगितलंय ते एवढंच, की उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही देवळात पोरांकडून ओव्या आणि अभंग रचून घेता, ते कसं आणि कशापायी, ते सांगा. काहींनी असंही विचारलं, की चौथी शिकलेला माणूस कविता काय शिकवणार? तर माउलीहो, अभंग रचायला बावीसपर्यंत मोजता आलं पाहिजे. तेवढं चौथीत येतं.

हा बावीसचा आकडा आमच्या पदरचा नाही. नामदेवरायांच्या नावावर एक अभंग आहे, त्यात अभंगाचं मापच सांगितलंय. पहिल्या तीन चरणांची मिळून अक्षरं अठरा, आणि शेवटचा चरण धरून बावीस. म्हणजे सहा, सहा, सहा आणि चार. आपण रोज सांजच्याला माउलींचा हरिपाठ म्हणतो, तो ह्याच मापाचा. घरी गेल्यावर कुठलंही एक कडवं घ्या आणि बोटावर मोजा. एका हाताच्या चार बोटांची पेरं बारा, तिथं दोन चरण बसले. दुसऱ्या हाताच्या दोन बोटांवर तिसरा चरण. राहिली दोन बोटं, त्यांवर चार पेरं शेवटच्या चरणाची. दोन हातांत अभंग मावतो आणि वर दोन पेरं रिकामी राहतात.

पण पोरं पेरं मोजता मोजता चुकतात, म्हणून आम्ही चिंचोके घेतले. प्रत्येक पोरानं घरून बावीस चिंचोके आणायचे. फरशीवर ओळीनं मांडायचे, सहा, सहा, सहा, चार. एक अक्षर तोंडानं म्हणायचं आणि एक चिंचोका पुढं सरकवायचा. ज्याला अजून धड लिहिता येत नाही, त्याचंही अडत नाही. जोडाक्षर आलं तर ते एकच धरायचं. विठ्ठलातला ठ्ठ एक. अनुस्वाराला वेगळा चिंचोका नाही. काना, मात्रा, ऱ्हस्व, दीर्घ यांचा हिशोब इथं नाही. शाळेतल्या वृत्तांत लघुगुरूचा जाच असतो, अभंगात तो नाही, म्हणून तर तो शेतकऱ्याच्या, शिंप्याच्या, कुंभाराच्या तोंडी बसला. आणि यमक कुठं? दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाच्या शेवटी. चौथा चरण मोकळा.

पोरं विचारतात, आबा, 'वर' हा शब्द बोलताना एकच ऐकू येतो, मग चिंचोके दोन का? आम्ही म्हणतो, गाऊन बघ. चालीत आलं की शेवटचं अक्षर उघडतं. टाळ घेऊन म्हटलं की त्याला त्याचं उत्तर मिळतं. सांगून ते कळत नाही.

अगदी बारकी पोरं, दुसरी-तिसरीतली, त्यांना आम्ही लहान अभंगावर बसवतो. आठ आणि आठ, शेवटी यमक, झालं. सोळा चिंचोके. एका तिसरीतल्या पोरीनं सकाळी शेळ्या सोडताना पाहिलेलं तसंच मांडलं:

शेळी चढली बांधाला
पाला मागते झाडाला
झाड म्हणे थांब जरा
पाऊस येऊ दे खरा

हे काय मोठं काव्य नाही. पण मोजा, कुठं अक्षर सांडलेलं नाही. आणि झाडाला बोलतं केलं ते तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

सुरुवातीला मात्र सगळी पोरं एकच खोड करतात. यमक आधी धरतात आणि अर्थ मागून फरफटत आणतात. एका गड्यानं बैलाला खोबरेल तेल पाजलं. का रं? तर 'बैल'ला 'तेल' जुळतं म्हणून! सगळं देऊळ हसलं. आम्ही म्हटलं, बाबा, तुझ्या बैलाला विचार तरी आधी. मग यमकाला दुसरा शब्द शोधत बसण्यापेक्षा 'बैल' शेवटून उचलून अलीकडं आणायचा आणि शेवटी दुसरं काही ठेवायचं, ही युक्ती त्याची त्यालाच सापडली. नांगर अडला की जागा बदलून धरतो, तसंच आहे ते.

दुसरी खोड याहून अवघड, आणि त्यावरून वडील मंडळींत थोडी बोलाचालीही झाली. ती इथं सांगतो, कारण त्यात दोन्ही बाजूंना म्हणणं होतं. झालं काय, की पोरांनी पहिल्याच दिवशी शोध लावला: 'विठ्ठल विठ्ठल' म्हटलं की बरोबर सहा अक्षरं होतात. 'राम कृष्ण हरी' सहा. 'पांडुरंग हरी' सहा. 'चंद्रभागे तीरी' सहा. मग काय, चिंचोके भराभर सरकायला लागले. दहा पोरांचे दहा अभंग, आणि दहांत मिळून एकही गोष्ट पाहिलेली नाही. आम्ही नेम केला, पहिले आठ दिवस रचनेत देवाचं नाव घालायचं नाही. सकाळपासून डोळ्यांनी जे पाहिलं तेच घालायचं.

एक जुने टाळकरी यावर रागावले. देवळात बसून पोरांना देवाचं नाव घेऊ नका म्हणता, हे कुठलं शिक्षण? त्यांचं चुकीचं नव्हतं. आम्ही त्यांना म्हटलं, नाना, नाम घ्यायचंच आहे, हरिपाठात घेतोच, झोपताना घेतो. पण नाम हे भोक बुजवायचं गाडगं नव्हे. अरणच्या सावतोबांनी मळ्यातल्या भाजीपाल्यात देव पाहिला, तो मळा आधी राखला म्हणून. तेरच्या गोरोबाकाकांना चिखल तुडवायचा ठाऊक, नरहरी सोनारांना मूस आणि हातोडी ठाऊक, सेना महाराजांना आरसा आणि वस्तरा. ज्याच्या त्याच्या अभंगात ज्याचा त्याचा धंदा येतो. पोरांचा धंदा काय? शेळी, विहीर, शाळा, धाकटं भावंडं सांभाळणं. तिथून निघाली तर पोचतील कुठंतरी. नाना गप्प राहिले, पण नवव्या दिवशी बरोब्बर हजर झाले आणि म्हणाले, आता नाव घालू द्या. घालू दिलं. आणि खरं सांगतो, तेव्हा निम्म्या पोरांनी घातलंच नाही, कारण त्यांना जागा पुरेना.

सहावीतल्या एकानं त्या आठ दिवसांत रचलं ते आज आपल्या गावात बोली होऊन गेलंय:

विहिरीचं पाणी
गेलं तळापाशी
पोहरा उपाशी
वर आला

आता टँकरला उशीर झाला की बाया म्हणतात, काय गं, पोहरा उपाशीच का आज? हे त्यानं कुठून आणलं? चिंचोक्यांनी आणलं, असं आम्ही म्हणतो. त्याला म्हणायचं होतं 'रिकामा पोहरा वर आला'. रिकामा बसवला, पण 'तळापाशी'ला यमक मिळेना. बसला तासभर. मग आईनं हाक मारली, जेवला न्हाईस अजून, उपाशी बसलाईस का? तो तसाच उठला तो शब्द घेऊनच पळत आला.

ओवीकडं येतो. ओवीला अक्षरांचं मोजमाप नाही. ज्ञानेश्वरीत नऊ हजारांवर ओव्या आहेत, एक लांब, एक आखूड, पण तीन चरणांना यमक आणि चौथा आखूड, मोकळा. जात्यावरची ओवी आणखी निराळी, ती बाईच्या दंडाच्या फेऱ्यानं चालते. ही शिकवायला आम्ही कोण? म्हणून गावातल्या तीन-चार म्हाताऱ्यांना बोलावलं. त्यांत एका आजीला काही केल्या ओवी आठवेना. म्हणाली, इसरले बाबा, गिरण आल्यापासून कोण म्हणतंय. देवळामागं एक जुनं जातं पडलं होतं. पोरांनी ते धुऊन आणलं, मूठभर जोंधळे टाकले. आजीचा हात खुंट्यावर पडला, दोन फेरे झाले, आणि जे सुरू झालं ते अर्धा तास थांबलं नाही. माहेर, भाऊ, पंढरीची वाट, सासूचं बोलणं, मेलेलं लेकरू, सगळं. पोरी लिहून घेत होत्या, त्यांच्या पेन्सिली पुरेनात. पहिली, दुसरी, तिसरी अशी मोजत ओवी म्हणायची जी रीत आहे ती पोरींना लगेच जमली, कारण पुढची ओवी कुणाला वाहायची एवढंच ठरवायचं असतं. पहिली आईला, दुसरी मामाला, तिसरी बाईंना. एकीनं पाचवी ओवी एस.टी.च्या डायवरला वाहिली, रोज हात केला की थांबतो म्हणून.

त्यावरून आम्ही पोरांना एक काम दिलं. मुक्ताबाई चौघा भावंडांत धाकटी. ज्ञानोबाराय रुसून दार लावून बसले तेव्हा तिनं ताटीचे अभंग म्हणून त्यांची समजूत काढली. तुम्हीही घरातल्या एका माणसाला जे तोंडावर बोलता येत नाही ते रचून बोला.

एका पोरीनं पाटीवर लिहिलं, 'माझी आई परक्या रानात ऊस तोडायला गेली होती.' दिवाळीच्या सुमाराला तिचे आईबाप कोयता घेऊन जातात, पाडव्याच्या पुढंमागं येतात. तोवर ही आजीजवळ. आम्ही म्हटलं, चिंचोके मांड. मांडले तर एवढ्यातच वीस संपले, दोन राहिले. ती बघतच बसली. मग म्हणाली, 'माझी' काढते, आई म्हटलं की माझीच की. मग 'गेली होती' काढलं. 'तोडायला'चं 'तोडी' केलं. वाक्य बारा चिंचोक्यांत आलं. आठ वाचले, दोन होतेच, असे दहा हातात राहिले. त्या दहांत ती स्वतः जाऊन बसली:

आई ऊस तोडी
परक्या रानात
मी इथं घरात
आजीपाशी

पाटीवरच्या वाक्यात ती कुठं होती? नव्हतीच. माप पडलं म्हणून काटछाट झाली, आणि काटछाट झाली म्हणून तिला जागा मिळाली. आम्हांला वाटतं पोरांना माप द्यायचं ते यासाठी. 'काहीही लिहा, मन मोकळं करा' असं म्हटलं की पोर सुविचार लिहितं. बावीस चिंचोके दिले की काय ठेवायचं आणि काय टाकायचं याचा विचार करतं.

हे तिनं हरिपाठानंतर म्हणून दाखवलं. आईबाप नुकतेच परत आलेले, मागं बसले होते. बाप उठला. म्हणाला, महाराज, आम्ही उचल घेऊन जातो हे गावाला ठाऊक हाय, पण घरातलं दैन्य देवळात कशाला मांडायचं? मांडवात कुणी बोलेना. बापाचा राग आम्हांला समजत होता. ज्याच्या घराची गोष्ट आहे त्यालाच ती बोचते.

आम्ही त्यांना एवढंच सांगितलं, की नामदेवरायांच्या घरात आई गोणाई, बायको राजाई, सून लाडाई, बहीण आऊबाई आणि जनाबाई, या सगळ्यांच्या नावावर अभंग आहेत. त्यांत गोणाई आणि राजाई सरळ तक्रार करतात, की हा देवाच्या नादी लागला आणि घराकडं लक्ष नाही. घरातलं भांडण आहे ते, आणि सातशे वर्षं आपण ते देवळात म्हणतो. चोखोबांच्या घरी सोयराबाई, निर्मळा, बंका, आणि पोरगा कर्ममेळा. तो तर देवालाच रोखठोक विचारतो. संतांनी घर झाकून ठेवलेलं नाही.

त्यांना हे पटलं असं नाही. ते पोरीला घेऊन घरी गेले, वहीही नेली. दोन दिवस ती आली नाही. तिसऱ्या दिवशी वही घेऊन आली आणि खाली आणखी एक कडवं होतं. आईला वाचता येत नाही, म्हणून तिनं घरी म्हणून दाखवलं होतं, तेव्हा आईनं विचारलं, मग तू आजीपाशी काय करत होतीस गं? त्याचं हे उत्तर:

आजीला दिसेना
नेढं ते सुईचं
लुगडं आईचं
गोधडीला

आजी आईच्या जुन्या लुगड्याची गोधडी शिवत होती आणि ही सुईत दोरा ओवून देत होती. बाप त्या संध्याकाळी आले. मागं खांबाला टेकून बसले, काही बोलले नाहीत. आता रीत अशी आहे, की घरच्या माणसावर काही रचलं तर ते आधी घरी म्हणायचं, मग देवळात.

आता मुद्रेचं. हा वाद अजून मिटलेला नाही, म्हणून मांडतो. सुरुवातीला एका पोरानं शेणाच्या पाट्या वाहण्यावर छान रचलं आणि शेवटी सवयीनं तुकोबांची मुद्रा घालून मोकळा झाला. चार अक्षरांत बसते ना! आम्ही त्याला समजावलं, बाबा, पोतं दुसऱ्याच्या शिक्क्याचं वापरू नये. असं झालं की पुढं घोळ होतो. एकनाथ महाराजांच्या काळात विष्णुदास नामा म्हणून कवी झाले, त्यांच्या रचना नामदेवरायांच्या गाथेत मिसळल्या, अभ्यासक मंडळी अजून निवडत बसलीत. म्हणून संतांची मुद्रा कुणी घालायची नाही, हे पक्कं.

पण स्वतःची? आमचं म्हणणं, स्वतःचं नाव चरणात घालून 'म्हणे' लावायचं नाही, नाव वहीत खाली लिहावं. कीर्तनात प्रमाण संतांचंच. पोरांची रचना नारदाच्या गादीवरून म्हणायची नाही, हरिपाठानंतर खाली बसून म्हणायची. यावर ती गोधडीवाली पोरगी उठली आणि म्हणाली, आबा, जनाबाई दळत होती, शेण वेचत होती, तिनं आपलं नाव घातलं, मग आम्ही का नाही? आम्ही म्हटलं, ती जनाबाई होती. ती म्हणाली, रचलं तेव्हा नव्हती अजून. मांडवात मोठी माणसं हसली, पण ती हसली नाही. आमचा नियम आहे तसाच आहे. तिच्या प्रश्नाला मात्र आमच्याकडं याहून चांगलं उत्तर अजून नाही. विणेकरी बुवांनी विचार करून सांगावं.

काही जण विचारतात, यातून फायदा काय? नाटकात नाव येईल का, बक्षीस मिळेल का? मधे एकानं कप ठेवू म्हटलं होतं. आम्ही नको म्हटलं. कप ठेवला की पोरं चुलत्याकडून लिहून आणतात. फायदा सांगायचा तर एक सांगतो. हरिपाठ म्हणताना पोरं शब्द गिळायची, चालीत खपून जायचं. आता परवा एक पोरगा मधेच थांबला आणि म्हणाला, आबा, एक चिंचोका उरला, माझं काहीतरी खाल्लं गेलं. पोथी उघडून बघितली तर खरंच एक अक्षर तो रोज गाळत होता, आणि त्याचं ऐकून शेजारचे चार जण. पन्नास वर्षं टाळ वाजवणाऱ्यांनाही ते ऐकू आलं नव्हतं.

चलाख पोरं मात्र उलटही विचारतात. संतांच्या अभंगातही कुठं कुठं एखादं अक्षर कमीजास्त आहे, मग आम्हांलाच का अडवता? तेही खरं आहे, गाताना ते भरून निघतं. त्यांना सांगतो, बैल शिकला की कासरा सैल सोडतात. आधी सरळ तास काढून दाखव.

यंदाचा वर्ग सुट्टी लागल्या लागल्या सुरू होईल, सकाळी सात ते नऊ, उन्हाच्या आधी. वही आणि पेन्सील दिंडीकडून मिळेल. ज्यांच्या घरी जुनं जातं पडलंय त्यांनी आठवडाभर देवळात द्यावं, धुऊन परत करू. बावीस चिंचोके घरून आणायचे, पण आयाबायांनो, भाजून देऊ नका. मागल्या वर्षी भाजलेले दिले होते, पोरांनी तिसऱ्या चरणापर्यंत खाऊन टाकले.

राम कृष्ण हरी.